माजी विद्यार्थी मेळावा

"यंदाही एकही नाही?" कुलसचिवांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला.

प्राध्यापिकाबाईंनी नकारार्थी मान हलवली.

"बाई, तुमच्या केंद्राचा निकाल चांगला लागतो. हजेरीला तर तोडच नाही. पण पदवी हातात पडली की तुमची मुलं जणू जमिनीत गडप होतात. इतर केंद्रांचे माजी विद्यार्थी येतात, नव्यांना धीर देतात, कुठे कुठे कामाला चिकटवून देतात. तुमच्याकडे कुणी फिरकत नाही. या शिक्षणाचा पुढे उपयोग होतो, असं मी कशाच्या जोरावर म्हणू?"

"अडचण तुम्हाला ठाऊक आहे, सर."

"मला आहे. समितीला नाही. मेळावा घ्या. कुणी आलं, तर मी केंद्रासाठी भांडेन. नाही आलं, तर पुढच्या वर्षीपासून प्रवेश बंद."

बाईंनी त्याच दिवसापासून फोन लावायला सुरुवात केली. एकाने आवाज ओळखला आणि 'राँग नंबर' म्हणून ठेवून दिला. दुसऱ्याच्या घरी पाहुणे होते. तिसरा मात्र हळवा झाला. "बाई, तुमचे उपकार विसरलो नाही. पण त्या रस्त्याला पुन्हा पाय वळत नाहीत हो."

बाईंनी कुणालाही दोष दिला नाही. आपल्या विद्यार्थ्यांना त्या 'मुलं' म्हणत. त्यांतले काही वयाने त्यांच्याहून मोठे होते. सगळ्यांत जास्त शंका काढणाऱ्याला वर्गाने 'प्रश्नचिन्ह' हे नाव बहाल केलं होतं. वाणिज्य शाखेच्या शेवटच्या वर्षाला असलेला हा हुशार माणूस महिनाभर वही मिटून बसला होता.

"अभ्यासाचं वावडं कधीपासून?" बाईंनी त्याला विचारलं.

"एकच सांगा, बाई. इथून पदवी घेऊन गेलेला एक तरी माणूस बाहेर धड पोटापाण्याला लागलाय का? असला तर दाखवा. तेव्हाच वही उघडतो."

"दाखवीन."

"शब्द दिलात हं. फिरवू नका. इथे आम्हाला शब्दांवरच दिवस काढावे लागतात."

त्या शब्दाखातर बाई शहराच्या दुसऱ्या टोकाला, एका फर्निचरच्या कारखान्यात जाऊन पोहोचल्या. मालक रंध्याने फळी तासत होता. बाईंना पाहताच त्याचा हात थांबला. त्याची बायको कपाटाच्या दाराला पॉलिश पेपर घासत होती; तिने पदराने खुर्चीवरचा भुसा झटकला.

"बसा, बाई. फोटोत पाहिलंय तुम्हाला. पदवीदानाच्या."

"तो फोटो कपाटात असतो," मालक घाईने म्हणाला.

"कपाटात नाही, कपाटाच्या मागे," बायकोने दुरुस्ती केली. "दरपत्रकं ऐटीत करतात, बँकेच्या साहेबाला व्याजाचं गणित समजावून सांगतात. पण शिकलात कुठे, असं कुणी विचारलं की यांची जीभ टाळ्याला चिकटते."

"तू गप्प बस गं."

"बसते की. तुम्ही बोललात तर मला कशाला बोलावं लागेल?"

बाईंना हसू आवरलं नाही. मग त्यांनी मेळाव्याचं सांगितलं. मालक बराच वेळ फळीवरून बोटं फिरवत राहिला.

"बाई, माझी गिऱ्हाइकं मोठ्या घरांतली आहेत. मोठ्या कष्टाने विश्वास बसलाय त्यांचा. ती वर्षं मी पुसून टाकलीत."

"वर्षं पूस. शिकलास ते कसं पुसशील?" बाई म्हणाल्या. "तुला व्यासपीठावर मिरवायचं नाहीये मला. एक हुशार मुलगा हात टेकून बसलाय. माझं भाषण त्याच्या कामाचं नाही. त्याने तुला नुसतं बघितलं तरी पुरे. आणि तू आला नाहीस, तर त्याच्यानंतर वर्गात बसायला कुणी उरणारच नाही."

बाई निघाल्या तेव्हा मालकाने पुन्हा रंधा उचलला होता. फळीवर मात्र तो टेकवला नव्हता.

मेळाव्याच्या सकाळी सभागृह झाडून लख्ख केलं होतं. विद्यार्थी रांगेने बसले होते. पुढच्या खुर्च्या पाहुण्यांसाठी मोकळ्या ठेवल्या होत्या, आणि त्या मोकळ्याच राहिल्या. कुलसचिव दोनदा घड्याळाकडे पाहून मग खिडकीकडे पाहू लागले.

"बाई," प्रश्नचिन्ह मागून हळूच म्हणाला, "खुर्च्यांचा सत्कार उरकून घ्या. बिचाऱ्या कधीच्या ताटकळल्यात."

कुणीतरी फिस्सकन हसलं. बाईंना हसता आलं नाही. एवढ्यात दारावरून निरोप आला, बाईंना बोलावलंय.

त्या जवळजवळ धावतच गेल्या. कारखान्याचा मालक बाहेर उभा होता. अंगात इस्त्रीचा सदरा, घामाने पाठीला चिकटलेला. पदवीदानाचा फोटो त्याने चौकटीसकट छातीशी धरला होता. त्याच्या मागे आणखी तिघे होते. त्यांतल्या एकाने फोनवर 'राँग नंबर' म्हटलं होतं. तो आता बाईंची नजर चुकवत होता.

"यांना घरी जाऊन उठवून आणलं," मालक म्हणाला. "म्हणून उशीर झाला. रागावू नका."

दारावरच्या म्हाताऱ्या शिपायाने किल्ल्यांचा जुडगा काढला आणि पुन्हा एकदा त्या चौघांना आपादमस्तक न्याहाळलं.

"बाई, या तुरुंगाच्या दारावर माझा जन्म गेला," तो कुलूप काढत म्हणाला. "बाहेर सोडा म्हणणारे कैदी रोजच बघतो, सुटून गेलेले परत येऊन आत घ्या म्हणतायत, हे आज पहिल्यांदा बघतोय."