दहाची मीटिंग

"तीन दिवस झाले, मला काही म्हणजे काही सुधरत नाहीये," रविकुमार म्हणाला, आणि खांबाआड अलका होती तिथंच थांबली.

सव्वानऊ वाजले होते. व्हाइटफील्डच्या त्या ऑफिसात तिचं पाऊल एरवी दहाला दहा कमी असताना पडायचं. आज जे. पी. नगरहून येणाऱ्या कॅबनं ऐनवेळी दगा दिला, म्हणून ती मेट्रोनं निघाली आणि लवकर पोचली. तळमजल्यावरच्या कँटीनमध्ये एका उंच टेबलाभोवती तिची अख्खी टीम उभी होती. आठच्या आठ जण. हातात चहाचे कप आणि तोंडात हिंदी-कानडीची मिसळ.

दवाखान्यांना पेशंटच्या वेळा लावून देणारं सॉफ्टवेअर ही मंडळी करत होती. सध्या त्यात दोन-दोन पेशंटना एकच वेळ जात होती, आणि रविकुमारला त्याचं मूळ सापडत नव्हतं.

"माझ्यामुळेच झालं असेल," काव्या म्हणाली. ती आनेकलहून बसनं येणारी, टीममधली सगळ्यात नवी. "तीन दिवसांपूर्वीच मी वेळांची यादी बदलली. कुणाला विचारलं नाही."

कुणाच्या कपाळावर आठी पडली नाही. "मग सापडलंच की," शिल्पाश्री म्हणाली. "माझं काम दुपारपर्यंत राहू दे. आपण तिघं बसू." कुणीतरी काव्याची थट्टा केली, तीही हसली. चहा संपायच्या आत आठ जणांनी दिवसभराची कामं आपसांत वाटून टाकली.

अलका भारावून गेली. ती या टीमची कोच. एकमेकांना धरून काम कसं करावं, चूक कबूल करायला भिऊ कसं नये, हे शिकवायला कंपनीनं तिला तीन महिन्यांसाठी नेमलं होतं. तिनं भिंतीवर रंगीत चिठ्ठ्या लावल्या, खेळ घेतले, रोज दहाला उभ्यानं व्हायची मीटिंग सुरू केली. आणि हे बघा फळ! ती चहा न घेताच लिफ्टनं वर गेली.

दहा वाजता तीच आठ माणसं वर तिच्यासमोर गोल करून उभी राहिली. काल काय केलं, आज काय करणार, अडचण काय?

"अडचण नाही, मॅडम," रविकुमार म्हणाला.

"अडचण नाही," शिल्पाश्री म्हणाली.

"काहीच अडचण नाही, मॅडम," काव्या म्हणाली आणि स्वतःच्या बुटांकडे बघत राहिली.

अकरा मिनिटांत मीटिंग आटोपली. रोजच आटोपायची. त्या अकरा मिनिटांचा अलकाला कोण अभिमान! तिचे आठवड्याचे रिपोर्ट ज्यांच्याकडे जायचे त्या यशोवर्धन साहेबांनाही होता. ही पद्धत कंपनीच्या पाचही टीमना लावायची का, ते गुरुवारी अकरा वाजता साहेब तिच्याशी बोलून ठरवणार होते. लावली तर अलकाची नोकरी कायम. नाहीतर तीन महिने संपले, रामराम.

पण सकाळी खाली ऐकलेली अडचण वर आल्यावर कुठं गेली? दुपारी तिनं रविकुमारला बाजूला घेतलं. त्याचं घराणं पाच-सहा पिढ्या बेंगळुरूतलं, पण घरात अजून मराठी टिकलेली.

"खाली ते कधीपासून चाललंय?"

तो गडबडला. मग खरं काय ते बोलला. "तुम्ही आल्यावर पंधरा दिवसांनी, मॅडम."

"मग वर का नाही बोलत?"

"पहिल्या आठवड्यात काव्यानं अडचण सांगितलं होतं की. तुम्ही लिहून घेतलात. पुढच्या सोमवारी तिला साहेबांचा मेल आला, एवढा वेळ का लागतोय म्हणून. स्वल्प रडली ती. तेव्हापासून दहाला कुणाला अडचण नसते."

अलकाला तो रिपोर्ट आठवला. काव्याचं नाव तिनं मुद्दाम, कौतुकानं घातलं होतं. नवी मुलगी किती मोकळेपणानं बोलते, म्हणून. वर ते कौतुक सोडून बाकीचं तेवढं वाचलं गेलं. तिला भयंकर लाज वाटली. टीम घडली होती खरी, पण तिच्यापासून लपता लपता घडली होती. आणि इकडे ती स्वतःचीच पाठ थोपटत बसली होती.

घरी तिनं नवऱ्याला, पद्माकरला, सगळं सांगितलं. "झाकली मूठ सव्वा लाखाची," तो म्हणाला. "टीम चांगली आहे ना? मग कशामुळे, ते कोण विचारतंय?" तसं बघितलं तर त्याचं चूक नव्हतं. पण ही पद्धत पाच टीमना लावायची म्हणजे आणखी चार काव्यांना रडवायचं, हे काही तिच्या मनातून जाईना.

गुरुवारी दहाला टीम गोल करून उभी राहिली. अलका रोज त्या गोलाबाहेर वही घेऊन असायची. आज ती रिकाम्या हातांनी शिल्पाश्री आणि काव्याच्या मध्ये शिरली.

"आज आधी मी सांगते," ती म्हणाली. "अकराला मला साहेबांना सांगायचंय, ही मीटिंग सगळ्या टीमना लावावी की नाही. आणि मला अडचण आहे. तीन महिने मी जे लिहून पाठवलं त्यात काही खरं नाही. तुम्ही कसं काम करता, मला माहीत नाही. काव्याला बोलणी बसली ती माझ्यामुळे. हे वर कसं सांगायचं कळत नाहीये. आणि सांगितलं तर नोकरी जाईल, याची भीती वाटतेय."

 काव्यानं शिल्पाश्रीकडे पाहिलं, शिल्पाश्रीनं रविकुमारकडे. रविकुमारनं घड्याळ बघितलं. दहा वाजून चार मिनिटं झाली होती.

"अक्का, असलं सगळं आम्ही इथं नाही बोलत," तो म्हणाला. "चला, खाली जाऊ."