नवा अंगठा

"काका, अंगठा परत ठेवा," रेल्वेच्या भरपाई कार्यालयातल्या बाई म्हणाल्या.

पुंडलिक शिंप्याने तिसऱ्यांदा उजवा अंगठा काचेवर दाबला. यंत्राचा लाल दिवा पुन्हा लागला.

गाडी घसरली तेव्हा त्याचा उजवा हात कोपरापासून गेला होता. दवाखान्यात इंजेक्शनं घेऊन वर्षभरात तिथे नवा हात उगवला, पण तान्ह्या बाळासारखा मऊ. चाळीस वर्षांचे घट्टे जुन्या हाताबरोबर गेले; आता कात्री धरली की फोड यायचे.

"या अंगठ्याने तिकीट काढलेलंच नाही. तुम्ही गाडीत नव्हताच, असं यंत्र म्हणतंय."

"अहो बाई, तो अंगठा रुळावरच राहिला! हा जुळत नाही, हाच माझा पुरावा धरा की."

बाईंना ते पटलं. त्यांनी स्वतः बसून तसा अर्ज पडद्यावर भरला, दोनदा वाचून दाखवला आणि काच त्याच्यापुढे सरकवली.

"आता सहीसाठी तिकिटावरचा अंगठा ठेवा," त्या बोलून गेल्या आणि त्यांनी जीभ चावली.

पुंडलिकने नवा अंगठा शर्टाला स्वच्छ पुसला आणि तरीही काचेवर ठेवला.