तिघांचा फोटो

आमच्या आत्यासाहेब तिघांचा फोटो काढू देत नाहीत. अपशकुन होतो म्हणे. देवासहून मांडू बघायला आलो तेव्हाही त्या आणि माझी बायको कृतिका उभ्या राहायच्या आणि फोटो मी काढायचो. जहाज महालापाशी एक जण म्हणालासुद्धा, “भिया, लाओ, तीनों का खींच दूँ.” आत्यासाहेबांनी त्याला हातच जोडले.

रूपमती मंडपात भर दुपारी आमच्याशिवाय कोणी नव्हतं. तिथे त्या आपणहून म्हणाल्या, “राजवीर, आता सगळ्यांचा काढ.”

“तिघांचा?”

“तिघं कशी? चौघं आहोत की.” त्या बाजूला सरकल्या. त्यांच्या आणि कृतिकाच्या मधे एका माणसापुरती जागा झाली.

ऊन लागलं असेल, म्हणून मी वाद घातला नाही. मोबाईल खालच्या पायरीवर टेकवला, टायमर लावला आणि पळत जाऊन कडेला उभा राहिलो.

फोटोत आम्ही तिघंच होतो. मधली जागा रिकामी होती. मला हायसं वाटलं, पण क्षणभरच. मोबाईल पायरीवर होता आणि फोटो मात्र वरून आला होता, उभ्या माणसाने हातात धरून काढावा तसा.

आत्यासाहेबांनी तो पाहिला. “अरेरे, काढणारे बाहेरच राहिले. आता तू काढ.”

मी कृतिकाकडे पाहिलं. ती आणखी थोडी सरकली होती, आणि सासरच्या वडीलधाऱ्या पुरुषांसमोर घेते तशी तिने ओढणी डोक्यावरून पुढे ओढली होती.