रविवारचा बिघाड

“आज पुन्हा गरम हवा येतेय,” असं म्हणत तिने गाडीची किल्ली वडिलांच्या हातावर ठेवली आणि चेहरा जमेल तितका वैतागलेला केला. खोटं बोलायची तिला सवय नव्हती. पण गेल्या पंधरा रविवारांत तिने त्यातही बरीच प्रगती केली होती.

वडिलांना सगळे उस्ताद म्हणत. गाडीच्या एसीच्या कामात त्यांचा हात धरणारा आसपास कोणी नव्हता. पाइपाला नुसती दोन बोटं लावून ते गॅस किती उरलाय ते सांगत. मुलीने मात्र शाळेत असतानाच जाहीर करून टाकलं होतं, की आपण पाना हातात धरणार नाही. मोठेपणी ती त्याच शाळेत भूगोल शिकवायला लागली.

मग उस्ताद विसरायला लागले. एकदा गाडी घेऊन बाजारात गेले आणि पिशवी हलवत पायी घरी आले. शेजारणीला दोनदा आपल्या बहिणीच्या नावाने हाक मारली. दादा दुसऱ्या शहरात राहत होता. तो फोनवर म्हणाला, बाबांचं डोकं चालतं ठेवायला हवं. तू दर रविवारी तुझ्या गाडीत गुपचूप एक बिघाड कर आणि त्यांना शोधायला लाव. ज्या दिवशी सापडणार नाही, त्या दिवशी वर्कशॉपला कुलूप, आणि बाबा माझ्याकडे.

वर्कशॉप सुटलं तर बाबा महिनाभरही तग धरणार नाहीत, याची तिला खात्री होती.

पहिल्या रविवारी तिने फ्यूज काढला. उस्तादांनी तो दोन मिनिटांत हुडकला आणि उरलेला दिवस भिंतीकडे बघत बसले. बिघाड जरा दमदार हवा, हे तिच्या लक्षात आलं. तिने पुस्तकं आणली. मधल्या सुट्टीत बाकीच्या बाई गप्पा मारत, तेव्हा ही वायरिंगच्या आकृत्या घेऊन बसे. तिने रिले बदलला, प्रेशर स्विचची पिन सैल केली, हवेच्या फिल्टरमध्ये वर्तमानपत्र कोंबलं.

शोधताना उस्ताद स्वतःशीच बडबडत. एसी गारवा तयार करत नाही, आतली गरमी उचलून बाहेर टाकतो, म्हणून आधी बघायचं की गरमी अडली कुठे. ती शेजारी टॉर्च धरून मुकाट ऐकत राही. बिघाड सापडला, की तो करणाऱ्याचा उद्धार ठरलेला.

“कुठल्या अडाण्याने ही पिन पकडीने ओढली? नखाने सुटते ती.”

पुढच्या वेळी तिने नखाने सोडवली.

दर रविवारी संध्याकाळी ती दादाला फोन करी. तो एकच शब्द विचारे, “निकाल?” आणि ती सांगे, “पास.”

आजचा बिघाड तिने तीन आठवडे घोटला होता. कूलिंग कॉइलजवळ एक सेन्सर असतो. कॉइलवर बर्फ धरायला लागलं, की त्याच्या सांगण्यावरून कंप्रेसर थांबतो. त्याच्या वायरीत तिने तांदळाच्या दाण्याएवढा रेझिस्टर जोडला होता. आता कॉइल धड गार व्हायच्या आधीच सेन्सर बर्फ झाल्याची बोंब ठोकत होता. जोड दिसू नये म्हणून वरून जुनीच टेप गुंडाळली होती. स्वतःच्या कामगिरीवर ती खूश होती आणि थोडी घाबरलेलीही.

उस्तादांनी गेज लावला. गॅस बरोबर. फ्यूज, रिले, पंखा, सगळं बरोबर. मग ते डॅशबोर्डखाली शिरले ते बाहेर येईनात.

तेवढ्यात एक टॅक्सीवाला आला.

“तू बघ गं तेवढं,” डॅशबोर्डखालून आवाज आला. “माझे हात अडकलेत.”

हल्ली गिऱ्हाईक आलं, की त्यांचे हात हमखास अडकलेले असत.

टॅक्सीवाला सांगू लागला, गाडी पळते तोवर एसी झकास, सिग्नलला थांबली की घामाच्या धारा. त्याचं बोलणं संपायच्या आत तिने बॉनेट उघडलं. पळत्या गाडीत गरमी बाहेर टाकणाऱ्या कंडेन्सरला समोरचा वारा मिळतो, उभ्या गाडीत ते काम पंख्याचं. पंखा ढिम्म होता. तिने त्याला बॅटरीवरून थेट करंट दिला, तसा तो भिरभिरला. म्हणजे मोटर ठणठणीत. सॉकेटची पिन गंजून हिरवी पडली होती. तिने ती घासली, बसवली.

गार झोत तोंडावर आला तसे टॅक्सीवाल्याने डोळे मिटले. “ताई, तीन ठिकाणी फिरलो. सगळे मोटर बदला म्हणत होते.”

नकाशाच्या वह्या तपासून असं समाधान तिला कधीच मिळालं नव्हतं.

ती वळली तेव्हा उस्ताद फडक्याला हात पुसत मागेच उभे होते. किती वेळ, कोण जाणे.

“सापडत नाही,” ते म्हणाले.

“नीट बघा ना बाबा. कॉइलच्या बाजूला...”

“बघितलं. नाही सापडत.”

त्यांनी खुंटीवरची शटरची किल्ली काढली, तिच्या हातात दिली आणि शीळ घालत चहा सांगायला निघून गेले.

तिला रडू आवरेना. हुशारी दाखवायच्या नादात आपण बाबांच्या पायाखालची जमीन काढून घेतली, याचा तिला संताप आला. दादाला खोटंच सांगावं, असं क्षणभर वाटलंही. पण बाबांना रोज रस्ता ओलांडायचा होता, गाडी चालवायची होती. तिथे खोटं चालणार नव्हतं. तिने फोन लावला.

“निकाल?” दादाने विचारलं.

“दादा, आज बाबा म्हणाले, सापडत नाही.”

दादा हसत सुटला.

“पास! अगं, पहिल्या रविवारच्या आधीच त्यांनी मला बजावलं होतं, ‘माझं विसरणं सोंग आहे, बिघाड तिला करू दे. ज्या दिवशी मी सापडत नाही म्हणेन, त्या दिवशी पोरगी पास झाली समज.’”