दोन मैल
माझा नवरा मालवाहू जहाजावर आहे. तो कुठवर आला, हे माझे सासरे, अण्णा, रोज संध्याकाळी नातीच्या कंपासपेटीतला डिव्हायडर घेऊन नकाशावर मोजतात. आकडे मी सांगते, आणि गेले तीन महिने मनचेच सांगते आहे. काल आठ अंश उत्तर म्हटलं होतं. आज त्याला घरी आणायची मलाच घाई झाली आणि अठरा सांगून बसले. अण्णांचा हात थांबला. जन्म इथे झाशीला रेल्वेत गेलेला माणूस. "अक्षांशाच्या एका अंशाला साठ सागरी मैल. दहा अंशांचे सहाशे. एका दिवसात? मालाचं जहाज इतकं पळत नाही, बेटा. सच बताओ, कहाँ है वो?" मग सांगावंच लागलं. जहाज आखातात नांगर टाकून पडलंय. मालक बेपत्ता आहे आणि बदली माणसं येईपर्यंत कुणालाच उतरू देत नाहीत. "अक्षांश?" "पंचवीस अंश, सत्तावीस मिनिटं." त्यांनी तिथे बोट ठेवलं आणि आडवं सरकवत थेट झाशीवर आणलं. "आपल्याच रेघेवर आहे की. किनारा दिसतो त्याला?" "रोज दिसतो. दोन मैलांवर आहे." अण्णा नकाशाच्या कडेवरून डिव्हायडरमध्ये दोन मैल घ्यायला गेले. एवढ्याशा नकाशात दोन मैल कुठून सापडणार? दोन्ही टोकं एकमेकांना टेकली. तरी अण्णा दाबतच राहिले.