तान्ह्याचं पाऊल

“चर्चमधल्या रांगेत त्या पासिताच्या मागे उभी राहू नकोस गं, बाळ कडेवर आहे. तिच्या हातचा तांदळाचा गोड सुमानसुद्धा कुणी खात नाही हल्ली,” नाताळच्या सकाळी सासूबाई म्हणाल्या. “आई, तिचा टीबी बरा झालाय, डॉक्टरांनीच सांगितलंय,” म्हणत मी ते उडवून लावलं. मिस्साची प्रार्थना संपल्यावर बाळ येशूच्या मूर्तीचं पाऊल चुंबायला सेबू बेटाच्या किनाऱ्यावरचं आमचं सगळं गाव रांगेत उभं राहिलं. प्रत्येकानंतर फादर एलादियो रुमालाने पाऊल पुसत होते. माझ्या पुढच्या पासिताची पाळी येताच तिला खोकल्याची उबळ आली. रांग मागे सरकली. कॉलेज शिकलेली मीसुद्धा सरकले, बाळाचं तोंड खांद्यात दाबून. “सगळ्यांना दवाखाना दाखवते आता ही!” मागून कुणीतरी बोललं. “राहू दे फादर, मी लांबूनच हात जोडते,” म्हणत पासिता वळली. “कुठे निघालीस? देव मुद्दाम तान्हा होऊन आलाय, कुणालाही उचलून घेता यावा म्हणून. धर.” फादरनी मूर्ती तिच्या हातांत दिली, स्वतः वाकून पावलाचं चुंबन घेतलं आणि पाऊल न पुसताच रुमाल खिशात घातला. आता पाळी माझी. मूर्ती अजून पासिताच्याच हातांत होती. माझं बाळ मूर्तीकडे झेपावलं. त्याला मागे ओढायला माझा हात उठला आणि तसाच राहिला. त्याने लाळेरं तोंड त्या पावलावर टेकवलं, मग मीही टेकवलं. तुमच्याकडेही कुणाला पाहून आज रांग मागे सरकली असेल. जेवायला बसण्याआधी त्यांच्या घरी एकदा डोकावून याल?