हाकेपुरता बाबा

बसगाड्या मैदानात शिरल्या, तशी मास्तरांनी कोठीच्या दाराला आतून कडी घातली.

बाहेर अख्खी छावणी लोटली होती. आठ महिन्यांनी तुकडी परत येत होती. कुटुंब केंद्राच्या बाईंनी सकाळीच बजावलं होतं, "मास्तर, तुम्ही पुढं राहा हं. एवढे दिवस पोरं तुमच्याच गळ्यात होती." मास्तरांनी मान डोलावली आणि ऐन वेळी सायकलींच्या अडगळीत येऊन बसले. पन्नाशी उलटलेला माणूस, आणि लपला होता चोरासारखा.

चोरीच केली होती त्यांनी. निदान त्यांना तरी तसं वाटत होतं.

केंद्रातलं त्यांचं काम साधं. मुलांना सायकली द्यायच्या, चेंडूत हवा भरायची, पोहण्याच्या तलावाच्या काठावर शिट्टी घेऊन उभं राहायचं. जवान तैनातीवर गेले, की त्यांच्या मुलांना दुपारी तीन तास तिथं सोडायची सोय होती. दवाखान्यातल्या नर्सबाईंची मुलगी अशीच आली. साडेचार वर्षांची, पुढचे दोन दात किडलेले, हट्ट मात्र शाबूत. "मला दोन चाकांचीच पाहिजे," म्हणाली आणि पहिल्याच दिवशी तोंडावर आपटली.

दुसऱ्या दिवसापासून मास्तर मागून सीट धरून पळायला लागले. गुडघे कुरकुरायचे, छातीचा भाता व्हायचा. मुलगी पुढं बघत ओरडायची, "मास्तर, सोडू नका! सोडू नका!" तिसऱ्या आठवड्यात एकदा ती ओरडली, "बाबा, सोडू नको!"

मास्तर जागच्या जागी थबकले. सीट हातातून सुटली. मुलगी आपली आपण दहा-बारा हात गेली आणि पायावर तोल सावरून खदखदून हसली.

"काका म्हण." दोन शब्दांचं काम होतं. ते त्यांच्या तोंडून निघेनात. लग्न राहूनच गेलं होतं. ही हाक त्यांना आयुष्यात कुणी मारली नव्हती, आणि कुणी मारेल ही आशाही कधीच सुटली होती. उद्या सांगू, असं त्यांनी ठरवलं. उद्याचा परवा झाला आणि परवाचे महिने.

मग तर त्यांनी हद्दच केली. सायकलला घंटी घ्यायला तिला छावणीच्या दुकानात घेऊन गेले होते. दुकानदार नवा होता. "पोरगी तुमच्यावरच गेलीय हो. हनुवटी बघा," तो म्हणाला.

"हो, सगळे तेच म्हणतात," मास्तर बोलून गेले.

सगळे! कोण सगळे? दुकानाबाहेर आल्यावर त्यांचे कान तापले. मुलगी शेजारी घंटी वाजवत चालली होती आणि त्यांना तिच्याकडे बघवत नव्हतं.

एकदा नर्सबाई तिला न्यायला आल्या, तेव्हा त्यांच्या देखतच तिनं हाक मारली. नर्सबाईंनी चमकून मास्तरांकडे पाहिलं. मुलीचा बूट शोधायला खाली वाकल्या, त्या बराच वेळ वर आल्याच नाहीत. यापेक्षा चार शिव्या घातल्या असत्या तर बरं, असं मास्तरांना झालं. बाईंचा नवरा कुठल्या तरी डोंगरात बंदूक घेऊन उभा, आणि आपण इथं शिट्टी गळ्यात अडकवून त्याची हाक लाटतोय!

आता खिडकीच्या फटीतून मैदान दिसत होतं. पोरं बापांच्या अंगावर झेपावत होती. एका कडेला उन्हानं रापलेला एक उंच जवान गुडघे टेकून, हात पसरून बसला होता. समोर ती मुलगी होती, नर्सबाईंच्या पायांना बिलगलेली. ती हलेना. जवानाचे हात तसेच पसरलेले राहिले.

हे आपलेच प्रताप! मास्तरांनी खिडकीकडे पाठ फिरवली. उद्याच साहेबांकडे जाऊन दुसरीकडे काम मागायचं, त्यांनी ठरवून टाकलं.

थोड्या वेळानं दारावर थाप पडली.

"मास्तर, आत आहात ना?"

आवाज ओळखीचा नव्हता. त्यांनी कडी काढली. दारात तोच जवान उभा होता. पाठीवरचं ओझंही त्यानं अजून उतरवलं नव्हतं. मुलगी त्याच्या सोबत आली होती, पण हातभर अंतर राखून.

"ही तुम्हाला बाबा म्हणते?" त्यानं विचारलं.

मास्तरांची मान खाली गेली. "चुकलं माझं. पहिल्याच दिवशी तिला समजवायला हवं होतं. नाही समजावलं. ऐकायला गोड लागत होतं. एवढ्यावरच थांबलो नाही मी, एका दुकानदाराला ही माझीच आहे असंही भासवलं. तुम्ही काय बोलायचं ते बोला, मी ऐकून घेईन."

जवानानं ओझं खाली ठेवलं. ओठ दाताखाली दाबून तो मुलीकडे बघत राहिला. तीही चोरून त्याच्याकडे बघत होती.

"मास्तर, मीच तिला तसं सांगून गेलो होतो," तो म्हणाला. "तिकडून महिना महिना फोन लागणार नाही, हे माहीत होतं मला. तिला म्हटलं, तुला जो पडू देणार नाही, त्याला मी येईपर्यंत बाबा म्हणत जा. नाहीतर सवय मोडेल, आणि मी परत आल्यावर ती हाक तुझ्या तोंडात यायचीच नाही."